भाषण नको म्हणणारा मुलगा आणि तासभर बडबडणारा मुलगा

पत्र थोडक्यात असं: "माझा मुलगा ११ वर्षांचा, सहावीत आहे. वर्गात प्रत्येकाने ३ मिनिटांचं 'समोरच्याला पटवून देणारं' भाषण करायचं असा होमवर्क आलाय, विषय ज्याचा त्याने निवडायचा. १० दिवस दिले होते, त्यातले ४ 'मला काही बोलायचंच नाहीये' यातच गेले. शेवटी मीच 'वाचनाचे महत्त्व' हा विषय ठरवून दोन पानं लिहून दिली, थोडी एआयची मदत घेतली. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचाव्यात तसं त्याने ते वाचलं. मग भांडण, रडारड, दार आपटणं. मोठी मुलगी वक्तृत्वात बक्षिसं आणते, ती याला घाबरट म्हणते. मिस्टर म्हणतात पाठ करून टाक म्हणावं, विषय संपला. तसा तो मुखदुर्बळ अजिबात नाही, घरी तोंड सारखं चालू असतं, परवा खेळाचा तास गणिताला घेतला म्हणून घरी येऊन तासभर माझं डोकं खाल्लं. पण भाषण म्हटलं की ओठ शिवल्यासारखा गप्प. ६ दिवस उरलेत. बाईंना 'या वेळी याला सूट द्या' असा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाय. पाठवू का? की मीच आणखी चांगलं भाषण लिहून त्याच्याकडून घोकून घेऊ? – एक थकलेली आई"

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं, तुमच्यावर नाही हो, पत्रावर. कारण ज्या भाषणासाठी तुम्ही सगळे ४ दिवस एकमेकांच्या जिवावर उठलायत ते भाषण त्याने परवा केलेलं आहे. तासभर. तुमच्यासमोर. खेळाचा तास गणिताला घेतला यावर. तुम्ही त्याला 'डोकं खाल्लं' म्हणता आणि मी त्याला पहिला कच्चा मसुदा म्हणते, एवढाच काय तो फरक.

म्हणजे 'त्याला बोलायचंच नाहीये' हे काही खरं नाही. त्याला वाचनाच्या महत्त्वावर बोलायचं नाहीये. आणि खरं सांगू का, मलाही नसतं बोलायचं. वाचन वाईट आहे असं वर्गात कोण म्हणतंय? कुणीच नाही. मग पटवायचं कुणाला? ज्याच्या विरुद्ध एकही माणूस उभा नाही अशा विषयावर पटवून देणारं भाषण होऊच शकत नाही, फार तर निबंध होतो. पोराने ते औषधाच्या सूचनेसारखं वाचलं कारण त्यात वाचण्यासारखं तेवढंच होतं. (राग मानू नका, तुम्ही वाईट लिहिलं असेल असं म्हणत नाहीये. चांगलंच लिहिलं असणार. तीच तर अडचण आहे.)

माझी स्वतःचीच फजिती सांगते. माझी मुलगी साधारण याच वयाची असताना तिचं भाषण मी लिहून दिलं होतं, अगदी सुविचार, कविता, शेवटी टाळ्यांची जागा वगैरे सगळं. तिसऱ्या परिच्छेदापर्यंत गाडी सुसाट गेली, मग अडली. दहा सेकंद, वीस सेकंद, सगळा हॉल शांत. आणि मग माइकमध्ये अगदी स्पष्ट आवाजात ती म्हणाली, "पुढे आईने काय लिहिलंय ते आठवत नाही." सगळे हसले, बाई पण हसल्या, मी मागच्या रांगेत पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. घरी येताना ती एक शब्द बोलली नाही आणि पुढची दोन वर्षं कुठल्याही स्टेजच्या जवळ फिरकली नाही. बरं, विसरली ती तिची चूक नव्हतीच. स्वतःचा विचार माणूस विसरला तरी शेजारच्या वाटेने परत तिथे येऊ शकतो, दुसऱ्याचं वाक्य हरवलं की हरवलं. म्हणून तुमच्या मिस्टरांचं 'पाठ करून टाक' मला पटत नाही. पाठ केल्याने विषय संपत नाही, धोका वाढतो.

आता थोडं अवघड विचारते. तुमच्या घरात शेवटचं कधी असं झालं की त्याने कारणं देऊन काहीतरी मागितलं आणि त्या कारणांमुळे तुमचा निर्णय बदलला? रडला म्हणून नाही, पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून नाही, तुम्ही दमला होतात म्हणून नाही. त्याचं म्हणणं पटलं म्हणून. लगेच आठवलं तर उत्तम. नाही आठवलं तर गिल्ट घेऊन बसू नका, बहुतेक घरांत हेच असतं. आपण मुलांचं ऐकतो ते हट्टापायी किंवा कंटाळून, आणि मग त्यांनाही तेच शिकायला मिळतं की मुद्दा मांडून काही होत नाही, आवाज चढवला की होतं. अशा मुलाला कुणी सांगितलं की ३ मिनिटं उभा राहा, मुद्दे मांड, लोकांना पटेल, तर त्याला ते खोटं वाटणारच ना. त्याच्या अनुभवात असं कधी घडलेलंच नाही. मला तरी न बोलणाऱ्या बऱ्याच मुलांचं मूळ इथे दिसतं, स्टेजच्या भीतीपेक्षाही जास्त.

म्हणून पहिल्या दिवसाचं काम भाषणाचं नाहीच आहे. आज रात्री त्याला सांगा, झोपायची वेळ अर्ध्या तासाने पुढे न्यायची असेल (किंवा जे काही तुमच्या घरातलं चालू भांडण असेल ते) तर मला कारणं सांगून पटव, पटलं तर मी खरंच बदलेन. आणि मग खरोखर ऐका, मध्ये न बोलता. नंतर खरी हरकत घ्या, "मग सकाळी उठवताना मला जे तीनदा ओरडावं लागतं त्याचं काय?" तो म्हणेल अलार्म लावीन. तुम्ही म्हणा, आणि अलार्म बंद करून झोपलास तर? तो विचार करेल, "मग दुसऱ्या दिवशी परत जुनी वेळ." बघा, त्याने आत्ता काय केलं, विरोधकाची भीती ओळखली आणि तिच्यावर उपाय दिला. याला म्हणतात गळी उतरवणं. आता तुम्ही हरा. प्रामाणिकपणे हरा, आठवडाभरासाठी का होईना. आईला हरवता येतं हे ज्याला कळलं त्याला वर्ग म्हणजे काहीच नाही.

यावर एक जुना प्रयोग आहे तो मुलांना सांगायला फार मस्त आहे. १९७८ साली एलन लँगर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्स मशीनपाशी केलेला हा प्रयोग छापून आणला. माणूस कॉपी काढायला आला की दुसऱ्याने मध्ये येऊन म्हणायचं, माझी ५ पानं आहेत, आधी काढू का? नुसतं एवढंच विचारलं तर साधारण ६० टक्के लोक हो म्हणाले. 'मला घाई आहे म्हणून' असं कारण जोडलं तर ९४ टक्के. आणि गंमत म्हणजे 'मला कॉपी काढायच्या आहेत म्हणून' असलं काहीच्या काही कारण दिलं तरी ९३ टक्के! पण थांबा, खरी मेख पुढे आहे. पानं ५ ऐवजी २० केली की फालतू कारणाचा काही उपयोग झाला नाही, कारण न देणाऱ्याइतकेच म्हणजे २४ टक्के लोक हो म्हणाले, खऱ्या कारणाला मात्र ४२. छोटी मागणी कशानेही चालून जाते, मोठी मागणी असेल तर कारणात दम लागतो. मुलाला हे सांगून विचारा, तुझी मागणी ५ पानांची की २० पानांची? खेळाचा तास परत मागणं ही २० पानांची मागणी आहे, नुसतं 'आम्हाला खेळायला आवडतं' म्हणून भागणार नाही.

उद्या काय करायचं ते सांगते. त्याला मूड बघून म्हणा, तो परवाचा खेळाच्या तासाचा किस्सा मला नीट कळलाच नाही, परत सांग. फोनवर रेकॉर्ड करा, त्याला विचारून करा, चोरून नको, आणि 'भाषणाची तयारी' हा शब्द तोंडातून काढू नका. तो चिडून, हातवारे करून, तीच गोष्ट चारदा सांगेल. करू दे. रेकॉर्डिंग ऐकून तुम्ही ते टाइप करा किंवा लिहून काढा, जसं बोलला तसं, 'आपला तास ढापला' असेल तर 'ढापला'च लिहा, व्याकरण सुधारू नका, 'आमच्या क्रीडाविषयक हक्कांवर गदा' तर अजिबातच नको. मग तो कागद त्याच्यासमोर ठेवा. आपण एवढं बोललो हे बघून मुलांचे डोळे जे होतात ना ते बघण्यासारखे असतात. साधारण मोठी माणसं भाषणात मिनिटाला १२०-१३० शब्द बोलतात, मुलं घाबरली की त्याहून पळतात, तर ३ मिनिटांना ३५० ते ४०० शब्द पुष्कळ झाले. त्याने तासभरात त्याच्या कितीतरी पट जास्त आधीच बोलून ठेवलंय. म्हणजे आता लिहायचं नाहीये, कमी करायचंय. हे ऐकून आळशातला आळशी मुलगा पण जरा सैल होतो. आणि ३ मिनिटं म्हणजे थोडी वाटत असतील तर त्याला सांगा, १८६३ मध्ये अब्राहम लिंकनने गेटिसबर्गला जे भाषण केलं ते जेमतेम २७० शब्दांचं होतं, दोन-तीन मिनिटांत संपलं. त्याच्या आधीचे पाहुणे त्याच स्टेजवर सुमारे दोन तास बोलून गेले होते. आज त्यांचं नाव कुणाला आठवतंय?

कमी करायचं कसं, तर तीन प्रश्न विचारायचे, उत्तरं त्याची. तू हे कुणाला सांगतोयस? त्या माणसाने उद्या नेमकं काय करावं? आणि त्याने ते का करावं, म्हणजे तुझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी? या तिसऱ्या प्रश्नावर सगळे अडखळतात, मोठे सुद्धा, आणि खरं काम तिथेच आहे. तुमच्या लेकाला वाटत असणार की सांगायचंय वर्गाला. वर्गाला काय सांगायचंय, वर्ग आधीच त्याच्या बाजूने आहे, टाळ्या वाजवून मोकळा होईल. पटवायचंय ते बाईंना. आणि बाईंनी काय करावं? 'खेळाचा तास घेऊ नका' ही मागणी त्या ऐकतील असं मला वाटत नाही, कारण त्यांचा पोर्शन मागे पडलेला असतो आणि तो संपवायची जबाबदारी त्यांची असते. पण 'तास घेतलात तर त्याच आठवड्यात परत द्या, आणि फळ्यावर तारीख लिहून ठेवा' ही मागणी? ही त्या मान्य करू शकतात. तक्रार आणि मागणी यात हा फरक आहे, तक्रारीला उत्तर 'बस खाली' असतं, मागणीला उत्तर हो किंवा नाही असतं. (मराठीत 'पटवणं' आणि 'पटवून देणं' वेगळं आहे हेही त्याला सांगा, सहावीतल्या पोरांना हा विनोद लगेच कळतो आणि वातावरण हलकं होतं.)

इथे तुम्हाला धाकधूक होईल की बाईंसमोरच बाईंची तक्रार, उगाच नजरेत यायचा. बरोबर आहे, म्हणूनच बाईंची बाजू त्यानेच आधी मांडायची. "गणिताचा पोर्शन मागे पडतो हे मला माहितीये, परीक्षेत आमचेच मार्क जातात" असं तो स्वतःहून म्हणाला की समोरचा माणूस अर्धा निवळतो. ही काही नुसती सभ्यतेची गोष्ट नाही हं, समोरची हरकत सांगून तिला उत्तर देणारं भाषण एकतर्फी भाषणापेक्षा जास्त पटतं असं यावरच्या अभ्यासांमधून दिसलेलं आहे. फक्त एक काळजी घ्या, हरकत सांगितली आणि उत्तर दिलं नाही तर पायावर धोंडा, मग न सांगितलेली बरी.

पुराव्याचं म्हणाल तर गूगलवरून दहा आकडे उतरवून आणण्यापेक्षा त्याला मोजायला लावा. वही किंवा टाइमटेबल काढून गेल्या महिन्यात खेळाचे तास किती होते आणि प्रत्यक्षात किती मिळाले, बस. हा आकडा जगात फक्त त्याच्याकडे आहे, त्याला कुणी खोडू शकत नाही, आणि स्वतः मोजलेला आकडा सांगताना मुलांचा आवाज आपोआप ठाम होतो, करून बघा. मोजल्यावर कळलं की तास एकदाच गेला होता, तर तेही छान, मग त्याला आपलंच म्हणणं बदलावं लागेल आणि तो धडा भाषणापेक्षा मोठा. बाहेरचा एकच आकडा जोडायचा तर जागतिक आरोग्य संघटनेचा जोडा, ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल असं खेळावं-पळावं असं ती संघटना सांगते. एक बाहेरचा, एक स्वतःचा. तिसरा आकडा ऐकणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

आणि एक प्रसंग. ॲरिस्टॉटलने सव्वादोन हजार वर्षांहून आधी सांगून ठेवलंय की माणूस तीन गोष्टींनी पटतो, बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या मनात उठणारी भावना आणि मुद्द्यातला तर्क. बाईंची बाजू समजून घेतली की विश्वास आला, मोजलं की तर्क आला, राहिली भावना. त्यासाठी 'मुलांचं बालपण हरवत चाललं आहे' वगैरे नको. "त्या दिवशी आम्ही बूट घालून, बॉल हातात घेऊन दारात रांगेत उभे होतो, आणि मग आवाज आला, वह्या काढा." एवढंच. बॉल परत कपाटात ठेवायला कोण गेलं, ते सांग. संपलं. मी हे वाक्य उदाहरण म्हणून लिहिलंय, त्याला देऊ नका, त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये याहून भारी काहीतरी सापडेल.

आता तुमचा प्रश्न, किती मदत करायची. माझी रेषा अशी आहे की पेन तुमच्या हातात असलं तर चालेल, शब्द तुमचे नकोत. विचारा, ऐका, टाइप करा, वेळ लावा. वाक्य सुचलं तर जीभ चावा. 'इथे एखादा सुविचार टाकूया का' हा मोह सगळ्यात वाईट. एआयचं पण तेच. भाषण लिहून घेतलं तर ते गुळगुळीत येतं, कुणाचंच नसतं, आणि शिक्षकांना दोन ओळींत कळतं. शाळेत चालत असेल आणि वापरायचंच असेल तर उलटं वापरा, एआयला म्हणा, गणिताच्या बाई होऊन माझ्या मुद्द्यांवर हरकती घे. शत्रू म्हणून ते बरं काम करतं. (पण हे काम मोठी बहीण त्याहून छान करेल, त्याबद्दल सांगते.)

बहिणीला घाबरट वगैरे बोलण्यावरून एकदा बाजूला घेऊन बोला, मात्र तिला यातून काढून टाकू नका. ती जे करते ते वक्तृत्व, आणि हे जे आहे ते वेगळं काम आहे, हे दोघांनाही स्पष्ट सांगा. 'माझ्या बालमित्रांनो'ने सुरू होणाऱ्या भाषणात चढउतार, हातवारे, पाठांतर लागतं आणि ती त्यात पटाईत आहे. इथे समोरच्याची मान हलली पाहिजे. तिला विरोधी पक्ष करा, तिने ५ अवघड प्रश्न काढायचे, मार्क द्यायचे नाहीत, 'असं नाही असं म्हण' म्हणायचं नाही. पोरगी खूश आणि पोराला भांडायचं लायसन्स, दोघांचं जमेल.

सरावाबद्दल थोडक्यात. पूर्ण भाषण कागदावर घेऊन जाऊ देऊ नका, पाठ पण नको. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य मात्र झोपेत उठवलं तरी आलं पाहिजे, मधल्यासाठी हाताच्या तळव्याएवढ्या कार्डावर पाच-सहा शब्द किंवा चित्रं, बूट, बॉल, घड्याळ, फळा, तारीख. कागद बघून दहादा वाचण्यापेक्षा कागद बाजूला ठेवून आठवून बोललेलं जास्त टिकतं, २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर हे करून बघितलं होतं, लगेच ५ मिनिटांनी विचारलं तर परत परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने आठवून बघणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. तेव्हा रोज एकदा, उभं राहून, कागदाशिवाय, अडला तर अडू दे, तुम्ही पुढचं वाक्य पुरवू नका. सलग तासभर एकाच दिवशी करण्यापेक्षा चार दिवस दहा-दहा मिनिटं. आरशासमोर बोल असं सगळे सांगतात, मला ते काही झेपलेलं नाही, आरशात माणूस स्वतःचे दात बघतो. जिवंत माणूस लागतो जो 'नाही' म्हणू शकेल.

भीतीचं राहिलं. छातीत धडधडणं, घसा कोरडा पडणं हे सगळ्यांना होतं आणि ते बाहेरून आपल्याला वाटतं तितकं दिसत नाही. २००३ मध्ये साविट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी भाषण करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना नेमकं एवढंच आधी सांगितलं की तुमची घाबरगुंडी लोकांना दिसत नाही, आणि ज्यांना हे सांगितलं होतं त्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना पण जास्त चांगली वाटली. फुकटचा उपाय आहे, सांगून टाका. दुसरं, 'शांत हो, घाबरू नको' हे म्हणू नका. २०१४ मधल्या ॲलिसन वुड ब्रुक्स या संशोधक बाईंच्या प्रयोगांत बोलायच्या आधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी एक्सायटेड आहे' म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. धडधड तीच असते, मॅचच्या आधीची आणि भाषणाच्या आधीची, तुमच्या खेळाडूला हे एका वाक्यात कळेल.

आता मेल. सूट मागू नका असं मी म्हणतेय ते याच्यासाठी की तुमच्या पत्रात मला घाबरलेला मुलगा दिसत नाहीये, वैतागलेला दिसतोय. पण हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी सांगते, फरक ओळखा. मुलाचं अनेक दिवस पोट दुखतंय, झोप उडालीय, शाळेतच जायचं नाही म्हणतोय, किंवा घरी भरपूर बोलणारं मूल शाळेत महिना-महिना कुणाशीच बोलत नाही, किंवा तोतरेपणामुळे चिडवलं जातंय, तर तो हट्टीपणा नाही, शिक्षकांशी आणि समुपदेशकांशी बोला, वेळ घालवू नका. तिथेही पूर्ण सूट हा माझ्या मते शेवटचा पर्याय, कारण टाळलं की त्या दिवसापुरतं बरं वाटतं आणि पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते. मधल्या पायऱ्या मागा. आधी फक्त बाईंसमोर, मग तीन मित्रांसमोर, जागेवर उभं राहून, किंवा या वेळी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ. आणि शक्य असेल तर ही मागणी मुलालाच करू द्या, बाईंना हे पटवणं हाच होमवर्क झाला की.

ज्यांच्या मुलांना विषय शाळेनेच दिलाय, पाणी वाचवा, स्वच्छता वगैरे, त्यांनी वैतागू नका, तो विषय लहान करा. जगाला पाणी वाचवायला सांगायचं नाही, तिसऱ्या मजल्यावरचा गळका नळ दुरुस्त करायला मुख्याध्यापकांना सांगायचं. आणि ज्या मुलाला खरंच कुठलाच विषय सुचत नाही त्याला 'तुला काय आवडतं' विचारू नका, 'या आठवड्यात हे काय बरोबर नाही असं कधी वाटलं' असं विचारा. उत्तर यायला दोन दिवस लागले तरी चालेल, जेवताना किंवा दिवे घालवल्यावर येतं बहुतेक.

परत तुमच्याकडे येते. ६ दिवस पुष्कळ आहेत. आज झोपेच्या वेळेवरची कुस्ती, उद्या रेकॉर्डिंग, परवा मोजणी आणि कात्री, मग तीन दिवस बहिणीशी भांडण. वाचनाचं महत्त्व असलेली ती दोन पानं त्याच्यासमोर फाडू नका, नाटकी होईल, गुपचूप रद्दीत घाला. भाषणाच्या दिवशी घरी आला की 'कसं झालं, कितवा आलास, बाई काय म्हणाल्या' याऐवजी 'कुणी मान हलवली का' एवढंच विचारा. बाई नाही म्हणाल्या असतील तर काय कारण दिलं ते विचारा, त्याला त्या कारणावर बोलायचं असेल, ऐकून घ्या, मी पैजेवर सांगते तासभर लागेल.

मेल ड्राफ्टमध्येच राहू दे. रेकॉर्डिंग ऐकून झालं की मग ठरवा.